कागदावर पंधरा

"थांबायचं नाही! खाली आलीस की लगेच वर!" मी ओरडलो.

शालन कोकरे प्रार्थनेच्या कट्ट्यावरून खाली झेपावली, मातीला पाय लागले न लागले तोच उसळली आणि समोरच्या लाकडी बाकावर जाऊन उभी राहिली. कट्टा तीन फुटांचा, बाक दोन फुटांचा. सकाळचे सात वाजले होते, ऑगस्ट महिना होता, आणि आमच्या माणदेशातला ऑगस्ट म्हणजे आभाळ भरून यायचं आणि नुसतंच निघून जायचं.

"किती झाल्या?"

"सोळा."

"खोटं. चौदा."

"सर, तुमी मोजताय तर मला कशाला इचारताय?"

हे असं होतं. सगळी शाळा मला, भोईटे सरांना, टरकून असायची आणि ही मेंढपाळाची पोर माझ्या तोंडावर मला गप्प करायची. मी हसू दाबलं आणि शिट्टी तोंडात धरली.

"सर, पर मला पळायचंय. मग ह्या उड्या कशापायी?"

"पाय जमिनीला लागला की तापल्या तव्याला लागल्यासारखा उचलला गेला पाहिजे. ज्याचा पाय जमिनीवर रेंगाळला तो मागं राहिला. ही उडी पायाला तेवढंच शिकवते."

"आन टायर?"

"कमरेला टायर बांधून ओढलास की पहिल्या दहा पावलांत जोर येतो. तुझं घोडं तिथंच पेंड खातंय."

खरंच तिथंच खात होतं. तीस मीटरच्या पुढे शालनला धरणारी पोरगी अख्ख्या तालुक्यात नव्हती, पण सुरुवातीला ती मागे पडायची. सतरा वर्षांखालच्या गटात तिच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या मुली भरल्या अंगाच्या, मांड्यांत ताकद असलेल्या. क्लॅपर वाजला की त्या दोन पावलं पुढे निघून जायच्या आणि शंभर मीटर संपेपर्यंत ही त्यातलं दीड पाऊलच भरून काढायची. त्या अर्ध्या पावलाने माझी झोप उडवली होती. ऑक्टोबरात जिल्ह्याची स्पर्धा होती. तिथे पहिली आली असती तर ती निवासी क्रीडा केंद्रात गेली असती; राहणं, खाणं, शिक्षण, बूट, सगळं सरकारी. नाहीतर वर्षभरात बाप तिला उजवून मोकळा होणार होता. तसं त्याने मला सांगितलंही होतं.

माझ्याकडे पद्धत होती. तरुणपणी मी पंजाबात जाऊन सहा आठवड्यांचा कोचिंगचा कोर्स करून आलो होतो आणि त्याची निळ्या पुठ्ठ्याची वही मी पोथीसारखी जपायचो. वहीत वयाप्रमाणे सगळं मांडलेलं होतं. चौदा वर्षांपर्यंत पोरांना खेळू द्या, दोरीवरच्या उड्या, शिवणापाणी, वीस-वीस मीटरच्या धावा, चढावर पळणं. वजन म्हणाल तर स्वतःच्या अंगाचं, तेवढंच पुरे. टायर, वाळूची पिशवी आणि उंचावरून खाली उडी हे पंधरानंतर, तेही आधी दोन वर्षं पाया घालून. पाया घालायला माझ्याकडे दोन वर्षं नव्हती, तीन महिने होते. पण शालन पंधराची होती. शाळेच्या दाखल्यावर स्वच्छ लिहिलं होतं, जन्म एक जून एक्याण्णव.

त्याच सकाळी तिची आई मैदानात आली. ठकूबाई कोकरे. डोक्यावरचा पदर दातांत धरलेला, हातात काठी, आणि मेंढरं फाटकाबाहेर बोरीच्या झुडपांत सोडलेली. कट्ट्यावरून लेक खाली पडतेय की उडी मारतेय हे तिला आधी कळलं नसावं, कारण ती धावतच आली.

"सर, ह्ये काय चाललंय?"

"सराव चाललाय, ठकूबाई. घाबरू नका."

"गुडघं दुखत्यात तिचं. राच्च्याला कण्हती. हळद लावून बांधलं तर सकाळी सोडून हिकडं पळाली."

"या वयात दुखतातच. पंधराची पोरगी, अंग भरायचं वय आहे."

ठकूबाईने पदर तोंडातून काढला. "कोन पंधराची?"

"शालन."

"आवं सर, तिला अजून तेरावं सरायचं हाय."

मी हसलो. काय करणार, हसूच आलं. एक जून हा आमच्या तालुक्यातल्या निम्म्या माणसांचा वाढदिवस. वाडीवरचा मास्तर पोरगं शाळेत घालताना विचारणार, जन्म कधीचा; आई सांगणार, बाजरी काढायला आली होती तेव्हाचा; मास्तर कपाळाला हात लावून लिहिणार, एक जून. हे मला ठाऊक होतं. पण वीस वर्षं मी मैदानावर एकच लबाडी पाहिली होती, आणि ती म्हणजे वय कमी करण्याची. मिशा फुटलेले चौदाखाली पळायचे. त्यांच्यावर हरकत घेणं हा माझा हातखंडा होता. शेजारच्या तालुक्यातल्या जगदाळे सरांच्या तीन पोरी मी एकाच वर्षी बाद करवल्या होत्या. मनगटाच्या हाडांवरून वय कळतं, त्यांचे एक्स-रे काढायला लावून. तेव्हापासून जगदाळे मला 'कलेक्टर' म्हणायचे आणि माझा चहा घ्यायचे नाहीत. कुणी वय वाढवून सांगेल हे माझ्या डोक्यात शिरणंच शक्य नव्हतं. त्यात फायदा कुणाचा?

"कागदावर पंधरा आहे, ठकूबाई."

"कागुद मास्तरानं केलाय. पोरीला जलम म्या दिलाय."

"मग मास्तर कशाला खोटं लिहील?"

"वस्तीच्या शाळंचा पट भरत नव्हता. येक पोर कमी पडाय लागलं आन दुसऱ्या मास्तरची बदली हुनार म्हनून बोंब झाली. ही थोरलीसंगं बसाय जायाची. चार बी पुरी नव्हती, मास्तरनं सा घातली. पयलीत दोनदा बसली तवा कुटं तिला उमजाया लागलं." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "सर, अजून शानी बी झाली न्हाई वो ती."

मी मान वळवली. पुरुष मास्तराशी बोलायचं हे बोलणं नव्हतं, आणि तिने ते केलं म्हणून मला रागही आला. शालन बाकावर बसून पायातली माती झाडत होती. तिला ऐकू गेलं असावं, कारण तिने मान वर केली नाही.

"जन्माची नोंद आहे का कुठे?" मी विचारलं.

"मेंढरामागं झाली ती. सोलापूरच्या अंगाला हुतो आमी. भुकंपाच्या पाटंला झाली. लोकं गनपती बुडवून निजली हुती, आन धरनी हालली. मला वाटलं माज्याच पोटात कळ आली. मागनं कळलं, लई मानसं गेली."

"कोणता भूकंप? आमच्या कोयनेला दर महिन्याला भूकंप होतो," मी म्हणालो.

ठकूबाईने पुन्हा पदर तोंडात धरला. "तुमी शिकल्याली मानसं," एवढंच बोलली आणि मेंढरांकडे गेली.

"सर, करू का अजून?" शालनने विचारलं.

"दहा कर," मी म्हणालो.

त्यानंतरचे पाच आठवडे तिने जीव तोडून सराव केला हे सांगायलाच हवं. ट्रॅक्टरचा नको म्हणून मी जीपचा टायर आणला होता. तो ओढत ती ओढ्याकाठच्या वाळूत वीस वीस मीटर पळायची, आणि थकली की टायरातच बसून मला वाडीवरच्या गमती सांगायची. थोरल्या बहिणीच्या लग्नात बोकड मांडवात घुसला आणि वरमाईच्या शालूला तोंड लावून गेला, ती गोष्ट तिने मला तीनदा तरी सांगितली असेल. तीस मीटरची तिची वेळ उतरत होती. घड्याळ माझ्या हातात होतं आणि मला दुसरं काही दिसत नव्हतं. मध्येच एखाद्या सकाळी ती डावा पाय जपून टाकायची. मी विचारलं की म्हणायची, "कायबी न्हाई, सर." मला तेच ऐकायचं होतं.

सप्टेंबरच्या मध्यावर वेळ उतरायची थांबली. चार दिवस घड्याळ तिथंच. आता असं होतं तेव्हा पोराला विश्रांती द्यायची असते, हे मला वहीशिवायही माहीत होतं. पण जगदाळेंची एक नवी पोरगी तालुक्यात भन्नाट पळून गेली होती आणि ते मला बाजारात भेटून म्हणाले होते, "काय कलेक्टर, यंदा कुणाचं मनगट बघणार? आमच्या पोरीचा कागद एकदम पक्का आहे बरं का. तुमच्या त्या काडीपैलवानाला जरा खायला घाला." मी घरी आलो तो तावातावाने.

दुसऱ्या दिवशी मी कट्ट्यावर एक बाक चढवला. पाच फूट उंची झाली. सायकलच्या ट्यूबमध्ये वाळू भरून तिची दोन्ही तोंडं बांधली आणि ती शालनच्या खांद्यावर टाकली.

शालन वर चढली, खाली बघितलं आणि तशीच उभी राहिली. ती कधी थांबायची नाही.

"सर, आज नको."

"का?"

"गुडघा लई ठणकतोय. उद्याच्याला करते की."

"उद्या, उद्या करत ऑक्टोबर येईल. तिकडे जगदाळेंची पोरगी झोपलीय असं वाटतं का तुला?"

"सर, आय म्हनती मी तेराची बी न्हाई. ती म्हनती, थोरल्या पोरींचं तुला झेपत न्हाई, सरांस्नी सांग."

"तुझी आई अडाणी आहे," मी म्हणालो. "पंधरा वर्षांची घोडी झालीस आणि आईच्या पदराआड लपतेस? नसेल करायचं तर उतर. जा, मेंढरं राख."

तिचा चेहरा पडला. आईला अडाणी म्हटलेलं तिला लागलं की मेंढरं राख म्हटलेलं, कोण जाणे. तिने ट्यूब खांद्यावर नीट केली, नाक ओढलं आणि उडी मारली.

आवाज मी ऐकला. वाळलेली शेवग्याची शेंग मोडावी तसा. ती खाली बसल्यासारखी झाली आणि तिचा डावा पाय गुडघ्याच्या वर भलतीकडेच वळला होता. ती ओरडली नाही. "सर, सर, सर," एवढंच म्हणत राहिली.

जीपने साताऱ्याला नेईपर्यंत अडीच तास गेले. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. दवाखान्यातले हाडांचे डॉक्टर तरुण होते, शांत होते. त्यांनी एक्स-रे उजेडाला धरला आणि मला जवळ बोलावलं. तोवर ठकूबाईही मागून येणाऱ्या एसटीने येऊन पोचली होती, अनवाणी.

"गुडघ्याच्या वर हाडाला वाढीची चकती असते," डॉक्टर म्हणाले. "हाड तिथून लांब होत जातं. तीच तुटून सरकलीय. मी जागेवर बसवतो, तारा घालतो. मला सांगा, मुलीचं वय नक्की किती?"

डॉक्टरांनी एक्स-रे टेबलावर ठेवला.

"विचारतोय अशासाठी, की पंधरा पूर्ण असेल तर काळजीचं कारण नाही. मुलींची वाढ तोपर्यंत संपत आलेली असते. पण अजून दोन-तीन वर्षं वाढायची असेल तर ही चकती बहुधा मिटणार. दुसरा पाय वाढेल, हा नाही वाढणार."

"शाळेच्या दाखल्यावर पंधरा आहे," मी म्हणालो.

"तेरावं सरायचं हाय," ठकूबाई म्हणाली.

डॉक्टरांनी दोघांकडे पाहिलं आणि आतल्या माणसाला हाक मारली. "डाव्या मनगटाचा एक एक्स-रे घे रे."

अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात मी देवाकडे काय मागितलं असेल? कागद खरा असू दे. मी, ज्याने दुसऱ्यांचे कागद फाडण्यात वीस वर्षं घालवली, तो त्या बाकड्यावर बसून वाडीवरच्या एका मास्तराच्या थापेसाठी हात जोडत होतो.

"बारा, फार तर तेरा," डॉक्टर म्हणाले. "बाईंचं बरोबर आहे."

आता एक सांगून टाकतो. मला हे नवं नव्हतं. ठकूबाई ज्या दिवशी मैदानातून गेली त्याच दिवशी मी घरी जाऊन बोटं मोजली होती. गणपती बुडवून लोक निजले होते आणि धरणी हलली, हे ऐकून कोणता भूकंप हे महाराष्ट्रात कुणाला विचारावं लागतं? किल्लारीचा. सप्टेंबर त्र्याण्णव. त्या पहाटे माझ्याही घरातली भांडी फडताळात वाजली होती आणि पुढे आठवडाभर आम्ही शिक्षक कपडे आणि धान्य गोळा करत हिंडलो होतो. कोयनेचं नाव मी मुद्दाम घेतलं. तिला तारीख सांगता येणार नाही हे माहीत होतं म्हणून घेतलं.

शालनला तेरावं सरायचं होतं. चौदाखालच्या गटात ती काहीही न करता पहिली आली असती. ना टायर, ना वाळू, नुसती शिवणापाणी खेळून. हेही मी त्या संध्याकाळी मोजलं होतं. पण त्यासाठी मला शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाऊन स्वतःच्या खेळाडूचं वय सव्वादोन वर्षांनी कमी करून द्या म्हणावं लागलं असतं. भोईटे सरांनी! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं म्हणून जगदाळे मला चौकाचौकांत नाचवणार होते. शिवाय चौदाखालच्या पोरीचं नाव पेपरात दोन ओळींत येतं आणि सतराखालचीचा फोटो छापून येतो, शेजारी मार्गदर्शक उभा. एवढंच होतं सगळं. याच्याहून मोठं कारण मी आजवर शोधतोय, सापडलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी तिला भेटायला गेलो. पाय कमरेपर्यंत प्लास्टरमध्ये होता. दोन वर्षांनी इंचभर फरक पडेल, असं डॉक्टरांनी आईबापांना सांगून ठेवलं होतं, तिला नाही. मला बघून ती उठायला लागली.

"पडून राहा."

"सर, केंद्राचं काय झालं?"

"बघू पुढच्या वर्षी."

तिने पंख्याकडे पाहत विचारलं, "सर, म्या उडी चुकीची मारली का हो?"

खोलीत आणखी कुणी नाही असं मला वाटत होतं. आणि तोंडात दुसरं काही आलं असतं, नाही असं नाही. 'नाही बाळ, माझं चुकलं,' हे चार शब्द काही जड नव्हते.

"हो," मी म्हणालो. "तुझं लक्ष नव्हतं."

तिने मान हलवली, वर्गात चूक कबूल करतात तशी. "फुडच्या टायमाला ध्यान दीन, सर."

मी बाहेर आलो तर दाराशी ठकूबाई एका हातात काठी आणि दुसऱ्यात भाकरीचं फडकं घेऊन उभी होती. सगळं ऐकलं होतं तिने. आता ही मला चारचौघांत धरणार, चप्पल नाही पायात पण हातातली काठी आहे, असं माझ्या मनात आलं, आणि खरं सांगायचं तर मी त्याची वाट बघत होतो. ती माझ्या मागोमाग जिन्यापर्यंत आली.

"खोटं सांगितलंसा तिला."

मी जिन्याची पायरी उतरायला लागलो.

"बरं केलंसा," ती म्हणाली. "तिचा लई जीव हाय तुमच्यावर. पाय गेला त्यो गेला. ह्ये बी जायाला नगं."

आणि ती लेकीला भरवायला आत गेली. तिने शिव्या घातल्या असत्या तर मी सुटलो असतो. माझ्या खोट्याला ती तिचा शब्द देऊन गेली आणि शेवटपर्यंत तिने तो पाळला. गेल्या वर्षी ती वारली. मी दहाव्याला गेलो होतो. पुढे बसवलं मला लोकांनी.

शालन आता वस्तीवरच्या अंगणवाडीत मदतनीस आहे. नवरा चांगला आहे म्हणतात. डाव्या चपलेला जाड तळ लावते, तरी चालताना झोल जातोच. दर दिवाळीत ती फराळाचा डबा घेऊन माझ्याकडे येते आणि आलेल्या-गेलेल्यांना सांगते, "सर लई मोटं करनार हुते मला, म्याच ध्यान दिलं न्हाई." मग ती पाया पडते. तिला सरळ वाकता येत नाही, म्हणून आधी एका हाताने दाराची चौकट धरते आणि मग हळूहळू खाली येते. दुसऱ्या हाताने ती माझे पाय चाचपते. मी "असू दे, असू दे" म्हणतो, आणि पाय मागे घेत नाही.